एकच क्यूआर, तीन आवृत्त्या: सोलापूरच्या एका कंट्रोलर कंपनीच्या मॅन्युअलचं प्रकरण

कंपनीची ओळख कळू नये म्हणून नाव, मॉडेल आणि पॅरामीटरचे क्रमांक बदलले आहेत. घटनाक्रम आणि निर्णय जसेच्या तसे आहेत. मॅन्युअलच्या फेरबांधणीत मी कंपनीसोबत काम करत होते, त्यामुळे काही ठिकाणी माझं मतही येईल.

पार्श्वभूमी

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतली ही कंपनी टॉवेलच्या मागांसाठी इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर बनवते. मागाच्या चौकटीवर बसणारी ही पेटी तीन गोष्टी ठरवते: पाइल बीममधून, म्हणजे लूपच्या सुताच्या रुळातून, सूत किती सोडायचं, कापड किती वेगाने ओढायचं आणि कितव्या पिकला (आडव्या धाग्याच्या फेरीला) फणीचा पूर्ण ठोका द्यायचा. टेरी टॉवेलचं सगळं गणित त्या ठोक्यात असतं. तीन पिकच्या विणीत पहिले दोन पिक कापडाच्या कडेपासून थोडे अलीकडे थांबतात. तिसऱ्याला फणी पूर्ण पुढे येते, तिन्ही पिक एकदम सरकतात आणि सैल सोडलेल्या सुताचे लूप उभे राहतात. ते अंतर बदललं की लूपची उंची बदलते आणि उंची बदलली की टॉवेलचं वजन बदलतं. खरेदीदार टॉवेल तोलून घेतो, तेव्हा मॅन्युअलमधला एक आकडा चुकला तर त्याचा फटका थेट काट्यावर दिसतो.

पेटीच्या फर्मवेअरच्या, म्हणजे तिच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या, तीन आवृत्त्या बाजारात होत्या: २, ३ आणि ४. सोलापूरच्या पूर्वभागातल्या शेडपासून इचलकरंजी, मालेगावपर्यंत तिन्ही चालू होत्या. एकाच शेडमध्ये जुनी-नवी पेटी शेजारी-शेजारी असणं अगदी नेहमीचं. जो मालक आठ माग घेऊन सुरुवात करतो, तो पुढचे चार माग पैसे जमल्यावर घेतो, तोवर कंपनीची आवृत्ती बदललेली असते.

छापील पुस्तिका बंद करून कंपनीने मॅन्युअल ऑनलाइन आणलं होतं, मराठी आणि इंग्रजीत. साइट एमकेडॉक्स या मॅन्युअल-साइट बनवणाऱ्या साधनावर बांधलेली होती आणि प्रत्येक आवृत्तीचं वेगळं फोल्डर होतं. जोडीला ‘लेटेस्ट’ नावाचा एक पत्ता होता, जो नेहमी सगळ्यात नव्या आवृत्तीकडे न्यायचा. पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवलेल्या स्टिकरवरचा क्यूआर याच ‘लेटेस्ट’वर उघडायचा.

अडचण

पूर्वभागातल्या एका शेडमध्ये जॉबरने (माग लावून-जुळवून देणाऱ्या कारागिराने) स्टिकर स्कॅन केला, टेरीच्या पानावर गेला आणि पॅरामीटर १४ मध्ये, म्हणजे त्या क्रमांकाच्या सेटिंगमध्ये, पानावर लिहिलेली किंमत टाकली. त्याच्या पेटीत आवृत्ती ३ होती. पान आवृत्ती ४ चं होतं. तिसऱ्या आवृत्तीत १४ म्हणजे पाइलची उंची. चौथीत तोच क्रमांक पाइल बीमच्या ताणाला दिला होता आणि उंची २१ वर गेली होती. लूप आखूड आले, माल हलका निघाला, आणि हे कापड उतरवून तोलल्यावरच कळलं. सर्व्हिस इंजिनिअर पोचला तेव्हा जॉबरचं म्हणणं साधं होतं: “साहेब, तुमच्याच पुस्तकात बघून टाकलंय की.”

तो बरोबर होता. स्टिकर लावला त्या दिवशी ‘लेटेस्ट’ म्हणजे ३ होती. ४ बाहेर पडली आणि शेकडो झाकणांच्या आतले स्टिकर कुणी हात न लावता दुसरीकडे बोट दाखवू लागले. एकही लिंक तुटली नव्हती, सर्व्हरच्या नोंदीत एकही ४०४ (‘पान सापडलं नाही’) नव्हता. तुटलेल्या लिंकची तक्रार येते, कारण वाचणाऱ्याला ती दिसते. ही लिंक चालत होती, म्हणून कुणाला शंका आली नाही.

मग सगळ्याच लिंक तपासायला घेतल्या आणि आणखी दोन गोष्टी उघड झाल्या.

पहिली, पानापानांतल्या लिंक. लिहिणाऱ्यांनी ब्राउझरच्या वरच्या पट्टीतला पूर्ण पत्ता उचलून मजकुरात चिकटवला होता. त्यामुळे आवृत्ती ३ च्या पानावरून ‘वायरिंग पाहा’ म्हटलं की वाचक गुपचूप ४ मध्ये जायचा. वरच्या पट्टीत फक्त एक आकडा बदललेला. मोबाइलवर तर त्या पट्टीत पूर्ण पत्ता सहसा दिसतही नाही.

दुसरी गोष्ट मराठी पानांपुरती होती आणि माझ्या मते ती सगळ्यात धोक्याची. पानातल्या मथळ्यांना यंत्रणा आपोआप अँकर देते, म्हणजे पत्त्यात हॅशच्या पुढे येणारी खूण. इंग्रजी मथळ्यांपासून नीट शब्द तयार होतात. पण एमकेडॉक्सची मूळ सेटिंग रोमन सोडून बाकीची अक्षरं गाळते. देवनागरी मथळ्यातलं काहीच उरत नाही, मग ती क्रमाने अंडरस्कोअर १, अंडरस्कोअर २ अशा खुणा देत जाते. ‘पाइलची उंची’ पानावर तिसरी असेल तर तिची खूण ३. कुणी वरती ‘सुरक्षिततेची सूचना’ असा मथळा घातला की तिसरी जागा दुसऱ्याच विषयाची होते. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या सगळ्या जुन्या लिंक एक पायरी सरकतात. लिंक तपासणारं साधन याला बरोबरच म्हणतं, कारण ३ नावाची खूण पानावर आहेच. मराठीत मॅन्युअल लिहिणाऱ्या प्रत्येकाने आपल्या साइटवर हे आज एकदा उघडून बघावं.

समोर असलेले पर्याय

मालकांचा कल एकाच मॅन्युअलकडे होता: एकच पान, आणि जिथे फरक आहे तिथे ‘आवृत्ती ३ असल्यास’ अशी चौकट. पत्ता एक, देखभाल एक. कागदावर हे पटण्यासारखं होतं. आम्ही टेरीचं पान तसं बनवून शेडमध्ये नेलं. मागांचा आवाज, पत्र्याखाली कसंबसं येणारं नेटवर्क, स्क्रीनवर रुईचा थर, आणि एका हातात पान्हा. जॉबरचा डोळा पहिल्या आकड्यावर गेला आणि त्याने तोच टाकला. चौकट त्याच्या खाली होती. पर्याय तिथेच बाद झाला.

सर्व्हिसच्या मंडळींना पीडीएफ हवी होती. प्रत्येक आवृत्तीची एक फाइल, व्हॉट्सॲपवर टाकली की काम संपलं. त्यांच्या बाजूने एक भक्कम मुद्दा होता: पीडीएफ आपोआप बदलत नाही, आणि नेमकं आपोआप बदलण्यानेच घोटाळा केला होता. पण आवृत्ती २ च्या अर्थिंगच्या आकृतीत पूर्वी एक दुरुस्ती झाली होती. दुरुस्तीआधीच्या फाइल आजही ग्रुपवर फिरताना सापडल्या. विजेची चुकीची आकृती परत बोलावता येत नसेल, तर ती पद्धत मला मान्य नव्हती आणि मालकांनाही ते पटलं.

तिसरा पर्याय म्हणजे सगळ्या आवृत्त्या साइटवर जिवंत ठेवायच्या आणि लिंकची शिस्त लावायची. हाच निवडला. मात्र निवडणं सोपं होतं, शिस्त कुठली हे ठरवायला जास्त वेळ लागला.

लिंक कोण देतंय

सुरुवातीला चर्चा ‘लेटेस्ट ठेवायचं की काढायचं’ यावर अडकली होती. ती सुटली एका प्रश्नाने: ही लिंक देणाऱ्याला वाचकाच्या पेटीतली आवृत्ती माहीत आहे का?

मॅन्युअलचं पान दुसऱ्या पानाकडे पाठवतं तेव्हा आवृत्ती माहीत असते, कारण वाचक आधीच त्या आवृत्तीत उभा आहे. तिथे सापेक्ष लिंक हवी, म्हणजे साइटचं नाव आणि आवृत्ती न लिहिता ‘या पानाच्या शेजारचं ते पान’ एवढंच सांगणारी. फोल्डरची नक्कल करून नवी आवृत्ती काढली की अशा लिंक आपापल्या आवृत्तीतच राहतात. कंपनीच्या जाहिरातीतून किंवा विक्रीच्या माणसाकडून येणाऱ्याला नवीच आवृत्ती दाखवायची असते, तिथे ‘लेटेस्ट’ योग्य आहे. ‘३ वरून ४ वर कसं जायचं’ या पानातल्या जुन्या आकड्यांच्या लिंक मात्र आकड्यासकट बांधलेल्याच हव्यात. त्या सरकल्या तर पानाला अर्थ उरत नाही. सर्व्हिस इंजिनिअरने ग्रुपवर टाकलेली लिंकही बांधलेली हवी, कारण त्याने समोरची पेटी बघून उत्तर दिलेलं असतं.

एवढा नियम अर्ध्या पानात लिहून लिहिणाऱ्या दोघांच्या टेबलासमोर लावला. राहिला स्टिकर.

स्टिकरचा निर्णय

पहिली सूचना अशी की कारखान्यातून पेटी निघताना जी आवृत्ती असेल तिचाच क्यूआर छापायचा. ती टिकली नाही, कारण सर्व्हिसवाले जागेवर फर्मवेअर चढवतात. पेटी ४ ची होते, झाकणावर ३ चा स्टिकर तसाच राहतो, आणि मूळ चूक उलट्या दिशेने परत येते. चढवणाऱ्याने स्टिकर बदलावा असा नियम करता आला असता, पण गडबडीत ज्याच्यावर विसंबता येत नाही असा नियम मॅन्युअलच्या पायात घालू नये असं आम्हाला वाटलं.

कारखान्यातूनच आवृत्ती ४ घेऊन निघालेल्या पेटीला ग्राफिक स्क्रीन आहे. तिथे क्यूआर स्क्रीनवरच दाखवायचं ठरलं. पेटीला स्वतःची आवृत्ती माहीत असते, त्यामुळे क्यूआर नेहमी खरा. त्याआधीच्या पेट्यांना फक्त दोन ओळींची अक्षरांची पट्टी आहे. तिथे स्टिकरला पर्याय नाही. त्यावर तोडगा म्हणून स्टिकर आता कुठल्याच मॅन्युअलवर उघडत नाही. तो एका हलक्या पानावर उघडतो, ज्यावर तीन मोठी बटणं आहेत आणि एक वाक्य: ‘पेटी चालू करताना पहिल्या ओळीत येणारा पहिला आकडा निवडा.’

सर्व्हिस प्रमुखांचा याला विरोध होता. एक टिचकी वाढली की माणूस कंटाळून थेट फोन लावतो, हा त्यांचा अनुभव. त्यांनी सुचवलं की एकदा निवडलेला आकडा फोनने लक्षात ठेवावा. हा सल्ला चांगला वाटतो, पण इथे तो घातक होता. एका जॉबरचा एकच फोन दहा मागांवर फिरतो, आणि त्यात ३ आणि ४ मिसळलेल्या असतात. लक्षात ठेवलेला आकडा दुसऱ्या मागावर खोटा ठरला असता. प्रत्येक वेळी विचारायचंच, हे ठरलं. शेडमध्ये करून बघताना इंजिनिअर जॉबरला म्हणाला, “अण्णा, पेटी बंद करून चालू करा, पहिला आकडा काय येतोय बघा.” अण्णांनी न बघताच सांगितलं, “तीन.” पेटीने दोन दाखवला. त्यानंतर टिचकीवरून वाद झाला नाही.

क्यूआरचा आकारही विचारात घ्यावा लागला. पत्ता जितका लांब तितके चौकोन बारीक, आणि रुई बसलेल्या स्टिकरवर बारीक चौकोन वाचले जात नाहीत. पत्त्यात देवनागरी शब्द टाकण्याचा विचार सुरुवातीलाच सोडला, कारण देवनागरीची प्रत्येक खूण यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत) तीन बाइट घेते आणि पत्त्यात तिची नऊ अक्षरं होतात. नुसता ‘पाइल’ हा शब्द छत्तीस अक्षरांचा होतो. छोटा पत्ता, सगळी रोमन कॅपिटल अक्षरं आणि आकडे असे ठेवले. क्यूआरमध्ये अशा मजकुराला कमी जागा लागते. वाचलेली जागा कोडमधल्या चूक-दुरुस्तीच्या सर्वात वरच्या पातळीला दिली, ज्यात साधारण ३० टक्के भाग झाकला तरी कोड वाचता येतो.

बाकीची कामं

अँकरसाठी प्रत्येक मथळ्याला हाताने खूण दिली, रोमन अक्षरांत, विषयावरून. मथळा बदलला, वरखाली झाला, तरी खूण तीच. कंटाळवाणं काम होतं, पण एकदाच करायचं. जुन्या आकडी खुणांचं काय, हा प्रश्न मात्र सर्व्हरवर सुटत नाही, कारण हॅशच्या पुढचा भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही. सर्व्हरला फक्त पान मागितलं गेल्याचं कळतं. म्हणून ज्या पानांच्या लिंक ग्रुपवर जास्त फिरल्या होत्या, त्या पानांत एक छोटी स्क्रिप्ट ठेवली. जुनी खूण आली तर ती कुठल्याही मथळ्यावर उडी मारत नाही. पानाच्या वर नेऊन ‘ही जुनी लिंक आहे, खालून विषय निवडा’ असं सांगते. अंदाजाने योग्य मथळ्यावर नेणं शक्य होतं. पण लिंक कुठल्या तारखेची हे माहीत नसताना अंदाज बांधणं म्हणजे पुन्हा तोच धोका.

रीडायरेक्टच्या, म्हणजे एका पत्त्यावरून दुसऱ्यावर पाठवण्याच्या, बाबतीत साइट सांभाळणाऱ्या मुलाने ‘लेटेस्ट’ला ३०१ लावला होता, म्हणजे ‘कायमचं हललं’. ब्राउझर असं उत्तर साठवून ठेवतो. पुढे ५ आली तरी जुने फोन सर्व्हरला न विचारताच ४ वर जातील. ‘लेटेस्ट’ हा पत्ता मुळात बदलत राहण्यासाठीच आहे, तिथे ३०२ (‘तात्पुरतं हललं’) हवा. ३०१ फक्त जिथे पान खरोखर एकदाच आणि कायमचं हललं तिथे. हरवलेल्या सगळ्या पत्त्यांना मुखपृष्ठावर पाठवण्याची पद्धतही काढून टाकली. वाचकाला वाटतं आपण काहीतरी चुकीचं दाबलं, तो मागे येतो, पुन्हा दाबतो. ‘हे पान आता नाही, याच्या जवळची पानं ही’ असं सांगणारं खरं ४०४ त्याच्या जास्त उपयोगाचं.

प्रत्येक जुन्या पानावर वर पिवळी पट्टी आली: ‘ही माहिती आवृत्ती ३ साठी’, आणि पुढे ४ मधल्या त्याच विषयाची लिंक. ‘त्याच विषयाची’ हे दोन शब्द सांभाळायला एक तक्ता लागला, कारण ४ मध्ये काही पानं एकत्र केली होती आणि टेरीच्या एका पानाची तीन झाली होती. तीन झालेल्या ठिकाणी पट्टीत तिन्ही लिंक दिल्या.

सर्च इंजिनसाठी आधी जुनी फोल्डरं रोबोट्स फाइलमध्ये, म्हणजे काय वाचू नये हे त्यांना सांगणाऱ्या फाइलमध्ये, बंद केलेली होती. त्याने ती पानं निकालातून जातातच असं नाही. कुठून तरी लिंक असेल तर नुसता पत्ता निकालात दिसू शकतो, आणि पान वाचायलाच बंदी असल्यामुळे त्यातल्या सूचना सर्च इंजिनपर्यंत पोचत नाहीत. बंदी काढली. जुन्या पानांचा कॅनॉनिकल पत्ता (सर्च इंजिनने मूळ मानायचा पत्ता) ४ कडे वळवावा असा सर्वसाधारण सल्ला मिळतो. मजकूर सारखा असेल तिथे तो ठीक आहे. इथे आकडेच वेगळे होते आणि ३ वापरणारे लोक ३ च शोधत होते. त्यामुळे ३ चं पान स्वतःच्याच पत्त्यावर उभं ठेवलं आणि शीर्षकात आवृत्ती घातली. आवृत्ती २ ला सर्चमधून वगळलं. तिची पेटी असणारे स्टिकरवरूनच येतात.

शेवटची गोष्ट म्हणजे जाहीर झालेल्या पत्त्यांची यादी. सर्व्हरच्या नोंदी, जुनी पत्रकं, ग्रुपवरचे संदेश यांतून ती गोळा केली. नवी आवृत्ती चढवण्याआधी संपूर्ण यादी तयार साइटवर चालवली जाते, आणि नुसतं पान उघडतं का एवढंच न बघता ठरवलेल्या आवृत्तीत उघडतं का हेही तपासलं जातं. यादीतून पत्ता काढायचा नाही, फक्त भर घालायची.

निष्पत्ती

नवे स्टिकर संक्रांतीच्या सुमारास लावले, गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत शेडमध्ये काम मंदावतं म्हणून. नवा स्टिकर असलेल्या शेडमधून चुकीच्या आवृत्तीच्या आकड्याची तक्रार सर्व्हिसकडे आलेली नाही. जुने स्टिकर अजून बरेच आहेत. त्यांच्यासाठी ‘लेटेस्ट’चं मूळ पान बदलून तिथेही तीच तीन बटणं ठेवली, आणि विक्रीच्या लिंकना वेगळा पत्ता दिला. हा बदल सगळ्यात स्वस्त होता आणि त्याने सगळ्यात जास्त शेड सुरक्षित केल्या.

भार वाढला तो लिहिणाऱ्यांवर. अर्थिंगसारखी दुरुस्ती आता तीन आवृत्त्यांत आणि दोन भाषांत करावी लागते. मराठी पान मागे पडलं तर लिंक इंग्रजी पानावर जाते, वर तसं सांगणारी ओळ असते. जॉबर मंडळींना हे आवडत नाही आणि त्यांचं बरोबर आहे. सुरक्षिततेची पानं आधी मराठीत लिहायची, इंग्रजी नंतर, असा क्रम आता लावला आहे.

वेगळं काय करता आलं असतं

‘लेटेस्ट’वरची तीन बटणं पहिल्याच आठवड्यात लावता आली असती. नवा स्टिकर, नवा पत्ता, नवी स्क्रीन यांची चर्चा चालू असताना जुने स्टिकर चुकीच्या पानावर नेतच होते. असा प्रसंग आला तर आधी चालू गळती थांबवावी, पक्की बांधणी नंतर करावी.

पॅरामीटरचा क्रमांक दुसऱ्या कामाला देण्याचा निर्णय फर्मवेअर बनवणाऱ्यांचा होता. मॅन्युअल लिहिणारी व्यक्ती त्या बैठकीत असती तर १४ रिकामा ठेवा आणि नवा क्रमांक घ्या, असं तिने म्हटलं असतं. आता ५ च्या बैठकांना ती असते.

एक मुद्दा अजून मालकांच्या टेबलावर आहे. सगळे क्यूआर एका डोमेनवर उभे आहेत आणि डॉट कॉमसारखं डोमेन एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी घेता येतं. माग त्याहून कितीतरी जास्त चालतो, हातोहात विकला जातो, पेटीसकट दुसऱ्या गावी जातो. डोमेनचं नूतनीकरण सध्या एका कर्मचाऱ्याच्या ईमेलवर आहे. ते कंपनीच्या खात्यावर न्यायचं, मुदत पूर्ण दहा वर्षांची घ्यायची आणि आवृत्ती २ ची पानं साध्या स्थिर फाइलच्या रूपात वेगळी ठेवायची, असा प्रस्ताव मी दिला आहे. पहिल्या दोन गोष्टींना होकार आला. आवृत्ती २ किती वर्षं ठेवायची यावर सर्व्हिस प्रमुख म्हणतात, शेवटची पेटी भंगारात जाईपर्यंत. हिशेब बघणारे म्हणतात, वॉरंटी संपेपर्यंत. मी सर्व्हिसच्या बाजूने आहे, कारण स्थिर फाइल ठेवण्याचा खर्च नगण्य आहे आणि त्या पानांवर अर्थिंगची आकृती आहे.